तुम्ही कापला नाहीत तो स्क्रू

अरविंदराव,

तुमच्या उठावन्याला, तिसऱ्या दिवशीच्या त्या शोकसभेला, सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. नमकीनवाले भिया तर माइक हातात धरून रडले. "अण्णा के हाथ में जादू था," असं म्हणाले आणि मागे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माइक माझ्याकडे आला तेव्हा मी मान हलवली आणि तो पुढे सरकवला. लोकांना वाटलं, साडू आहे, बोलवत नाहीये. दुःख होतंच, नाही म्हणत नाही. पण तोंड उघडलं असतं तर "जादू नव्हती, प्ले होता" एवढंच बाहेर पडलं असतं, आणि सुमनताईंसमोर ते बरं दिसलं नसतं.

म्हणून जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितोय. तुम्हाला मध्येच तोंड घालता येणार नाही, ही यातली मोठी सोय आहे.

उठावन्याला आलेल्यांपैकी निम्म्यांना प्ले म्हणजे काय हेच ठाऊक नसणार. आपल्या लेथवर टूलला आत-बाहेर नेणारी जी आडवी स्लाइड आहे, तिच्या पोटात एक स्क्रू आहे आणि त्या स्क्रूवर गनमेटलचा एक नट. दोन्ही इतके झिजलेले, की हँडल फिरवलं तरी बराच वेळ स्लाइड जागची हलायची नाही. मग एकदम हलायची. कधी कधी तर फिरता जॉबच, म्हणजे कापायला लावलेला गजच, टूलला आत ओढून घ्यायचा आणि केलेल्या कामाची माती व्हायची. चांगल्या मशीनवर हँडलच्या कडेचे आकडे बघून टूल किती आत गेलं ते कळतं. आपल्या मशीनवर ते आकडे शोभेला होते.

तुम्ही डावा तळवा स्लाइडवर दाबून धरायचात, उजव्या हाताने हँडल जवळजवळ कुरवाळायचात, मान तिरकी करून आवाज ऐकायचात, आणि माप बरोबर यायचं. नेहमी यायचं. ते मी नाकारत नाही. पण झिजलेल्या मशीनवर बरोबर माप काढणं हा पराक्रम झाला. झिजलेलं मशीन नीट करणं हे काम. तुम्ही जन्मभर पराक्रम केलात आणि काम टाळलंत.

मशीन विलायती, पट्ट्यावर चालणारं, गिरणी बंद पडल्यावर भंगारात निघालेलं. त्याच गिरणीत माझे आजोबा कारकून म्हणून इंदूरला आले होते. म्हणजे नात्याने बघायला गेलं तर मशीन आमचं. पण भंगारवाल्याच्या आवारातून ते उचललंत तुम्ही, तुकोगंजातल्या तुमच्या घरामागच्या शेडमध्ये बसवलंत तुम्ही, आणि वर मलाच ऐकवायचात, "आमचे पणजोबा सरकारच्या फौजेत होते, मुकुंदराव. तुम्ही पडलात कारकून." कारकुनी आमच्या घरात आजोबांबरोबर संपली. मी पंपाच्या कारखान्यात टूलरूममध्ये काम केलेला माणूस. कारखाना बंद झाला, बायको शैला म्हणाली की सुमनताईच्या घरी जाऊन भावजींना हात द्या, आणि मी आलो. हात द्यायला आलो होतो. तुम्ही मला वाचायला बसवलंत.

हो, वाचायला. जॉब झाला की मायक्रोमीटर माझ्यापुढे धरायचात. "वाचा हो कारकून, वाचायचंच तर काम आहे तुमचं." गिऱ्हाइकासमोर. गिऱ्हाईक हसायचं, तुम्ही हसायचात, मी आकडा सांगायचो. घरी जाऊन शैलाला म्हणायचो, उद्यापासून जाणार नाही. ती म्हणायची, बरं. आणि सकाळी डबा भरून द्यायची.

शेजारचे दातांचे डॉक्टर आठवतात का? भिंतीला भिंत लागून त्यांचा दवाखाना. एकदा हात जोडून आले आणि म्हणाले, "अण्णाजी, शाम को मशीन मत चलाइए, पेशंट समझते हैं मैं चला रहा हूँ." तुम्ही इतके हसलात की स्टुलावरून पडता पडता वाचलात. त्या दिवसापासून संध्याकाळी मशीन बंद, आणि आपण दोघं शेडच्या दारात बसून भांडायचो. इंदूरात लोक संध्याकाळी कचोरी खातात. आपण कचोरी खात भांडायचो.

तुमचं सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही, कारण तो गियर अजून त्या मशीनमध्ये फिरतोय.

तो तुम्हीच मोडला होतात. आपलं काहीतरी वाजलं होतं, तुमचा आवाज चढला होता, आणि त्या तावात तुम्ही जॉब धरून फिरणारा चक पूर्ण थांबायच्या आत गियर टाकलात. कडाड आवाज झाला आणि बिडाच्या गियरचे लागोपाठचे दात उडाले. मला वाटलं, संपलं. असा गियर आता जगात कुठे मिळणार नाही. तुम्ही तुटक्या जागी ओळीने भोकं पाडलीत, आटे पाडलेत, त्यात पोलादाच्या खुंट्या बसवल्यात, त्यांच्याभोवती पितळ वितळवून भरलंत. मग शाबूत दाताचा पत्र्याचा साचा कापलात आणि कानशीने एकेक दात घासत, बोटाने चाचपत बसलात. जेवायलासुद्धा घरात गेला नाहीत. सुमनताई ताट शेडमध्ये आणून ठेवत आणि तसंच परत नेत. गियर परत बसवला आणि फिरवला तेव्हा त्याचा आवाजच आला नाही. काळ्या गियरमध्ये पिवळे दात. मी तसं काम पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पुढे तुम्ही ते पिवळे दात येईल त्याला दाखवायला लागलात. "देखो भिया, हाथ से बनाए हैं." मोडले कोणी हे कोणी विचारायचं नाही आणि तुम्ही सांगायचा नाहीत. चुकलात तुम्ही, आणि कौतुकही तुमचंच झालं. मी तिथेच उभा असायचो. बोललो नाही, कारण ते दात खरोखरच सुंदर होते.

असे दात घडवू शकणारा माणूस एक स्क्रू आणि एक नट करू शकत नव्हता? यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता.

मी पहिल्यांदा म्हणालो, नुसता नट बदलू. तुम्ही म्हणालात, "स्क्रू मधे झिजलाय, टोकांना नाही. नवा नट मधे बसेल आणि टोकाला अडकेल. टूलरूममध्ये हेच शिकवतात का?" बरोबर होतं तुमचं. मी मान्य केलं. मग म्हणालो, दोन्ही नवे करू. तुम्ही म्हणालात, "कापणार कोण? ह्याच मशीनवर कापायचा, आणि ह्या मशीनवर माझ्याशिवाय कोणाला माप येत नाही. आणि मला टाइम नाही." मी म्हणालो, सांवेर रोडवर कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत, तिथून कापून आणू. तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जसं काही मी सुमनताईंना माहेरी पाठवायला सांगितलं. "दुनियेच्या मशीनचे पार्ट आपण करून देतो, आणि आपल्या मशीनचा पार्ट बाहेरून? घरचं श्राद्ध हॉटेलात घालाल का, मुकुंदराव?"

झालं. विषय बंद. मशीन तुमचं, शेड तुमची, शेवटचा शब्द तुमचा. दर दिवाळीनंतर मी विषय काढायचो आणि दर वेळी श्राद्ध आणि हॉटेल. मला तेव्हाच कळलं होतं की हा वेळेचा प्रश्न नाही. तुमच्याशिवाय ते मशीन चालत नव्हतं. स्क्रू बदलला असता तर ते कोणाच्याही हातात चाललं असतं. मग 'अण्णा, अण्णा' कोण करणार? तुम्ही मशीनला दुरुस्त होऊ दिलं नाहीत, कारण त्याच्या दुखण्यावर तुमचा रुबाब चालला होता. हे मी तुम्हाला तोंडावर एकदा बोललोही. तुम्ही कचोरीचा कागद चुरगाळून फेकलात आणि आत निघून गेलात. त्यानंतर बरेच दिवस फक्त कामापुरतं बोललात. आणि मग एका सकाळी सुमनताईंचा फोन आला.

त्यावर मी काही लिहिणार नाही. तुमच्या पायांत शेवटचे मोजे मी घातले एवढंच सांगतो.

तेरावं झालं आणि सुमनताईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "मुकुंदराव, ते विजय नगरचे कॅफेवाले फोनवर फोन करून राहिलेत. त्यांना मशीन पाहिजे. वरती काच लावून टेबल बनवणार म्हणे." मी म्हणालो, ताई, मशीन आहे ते. त्या म्हणाल्या, "मला ते काही समजत नाही. तुम्हीच सांगत होते ना, की ह्यांच्याशिवाय कोणालाच येत नाही चालवता. मग शेडमध्ये ठेवून मी रोज बघत बसू का त्याला? तुमच्याकडून चाललं तर ठेवा, जनमभर ठेवा. नाही चाललं तर घेऊन जाऊ द्या. पण लवकर करा, मला ती बंद शेड बघवत नाही."

कॅफेवाला येऊन गेलासुद्धा. चांगला मुलगा आहे, वाकून नमस्कार केला. पट्ट्यावरून हात फिरवला, पिवळे दात बघितले आणि म्हणाला, "अंकलजी, एकदम विंटेज लुक है. बस पेंट मत करना." तुमच्या लेथवर लोक कोल्ड कॉफी ठेवणार होते, अरविंदराव. हे तुमचं कर्तृत्व. असं मशीन मागे ठेवून गेलात की त्याचं टेबलच होऊ शकतं.

नमकीनवाल्या भियांच्या शेवेच्या यंत्राची पिन तुमच्याकडून करायची राहिली होती. म्हटलं, हीच करून दाखवतो. तुमच्यासारखाच उभा राहिलो. डावा तळवा स्लाइडवर, मान तिरकी. आवाज ऐकायचा प्रयत्न केला. मला फक्त मोटरचा आवाज आला. एकदम टूल आत ओढलं गेलं आणि पिनेला खड्डा पडला. दुसरा गज लावला, तोही गेला. सुमनताई दारात उभ्या होत्या. कॅफेवाल्याला लावायचा फोन त्यांच्या हातात होता.

तेव्हा जो राग आला तो कोणावर होता हे वेगळं सांगायला नको. मी तुमचं स्टूल लाथेने बाजूला केलं आणि स्वतःच्या डोक्याने विचार करायला बसलो. हे मी पूर्वीच करायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. तुमच्या शेडमध्ये त्याची परवानगी नव्हती.

आता नीट ऐका. आट्यांमधलं अंतर आडव्या स्लाइडवर अवलंबून नसतंच. ते येतं त्या लांब लीड स्क्रूवरून, जो टूलसकट सगळं लांबीने ओढत नेतो. तो चकजवळ झिजलाय, पण पार टोकाला जवळजवळ कोरा आहे, कारण तिथपर्यंत काम कधी जातच नाही. म्हणून मी लांब गज घेतला, मध्ये आधार दिला आणि आटे टोकाकडच्या भागात कापले. राहिली आट्यांची खोली. ती मोजायला स्लाइडला डायल गेज लावलं, तेच घड्याळासारखं, जे तुम्ही मला मशीनजवळ आणू देत नव्हतात. हँडल कितीही पोकळ फिरू दे, स्लाइड खरोखर किती हलली ते काटा सांगतो. आणि टूल ओढलं जाऊ नये म्हणून स्लाइडची पट्टी गच्च आवळली. रोज असं काम करता येत नाही, हँडल फिरवताना खांदे भरून येतात. पण एका स्क्रूपुरतं चालतं.

आधी त्याच मापाचा टॅप कापला, तो तापवून पाण्यात बुडवून कडक केला, त्याने गनमेटलच्या नटात आटे पाडले. मग स्क्रू. डावे आटे, चौकोनी, थोडं थोडं आत जात. वर तेलाची धार.

अवघड नव्हतं, अरविंदराव. वेळखाऊ होतं, अवघड नव्हतं. तुमच्या हाताची गरज नव्हती, तुमच्या कानाची नव्हती, फौजेतल्या पणजोबांची तर नव्हतीच. आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. ज्या माणसाने पिवळे दात घडवले त्याला हे ठाऊक नसेल यावर मी मेलो तरी विश्वास ठेवणार नाही. मग का? मी स्क्रूवरचं तेल पुसत होतो आणि मोठ्याने विचारत होतो, का?

सुमनताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. कप ठेवला आणि डायल गेजकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे घड्याळ त्यांना कुठे दिसलं असतं?"

मी म्हणालो, म्हणजे?

"अहो, त्यांना दिखतच कुठे होतं बारीक? ताटातला खडा नाही दिखायचा. डॉक्टर बोलले, ऑपरेशन करून घ्या, आजकाल कुछ नहीं लगता. पण नाही. मला शप्पथ घातली. म्हणे, मुकुंदरावांना बोलायचं नाही, नाही तर ते मला मशीनला हात लावू देणार नाहीत."

चहा निवला.

म्हणजे हँडलवरचे आकडे तुमच्यासाठी नव्हतेच. नवा स्क्रू आला असता तर मशीन आकड्यांवर चाललं असतं, आणि मग सगळ्यांना दिसलं असतं की अण्णांना आकडे वाचता येत नाहीत. जुना प्ले तुमच्या हाताला पाठ होता. आणि मायक्रोमीटर. "वाचा हो कारकून." मी इतकी वर्षं अपमान समजून गिळत होतो, आणि तुम्ही माझे डोळे वापरत होतात.

याने मला वाईट वाटायला हवं, नाही का? वाटलं. खोटं कशाला बोलू? शेडमध्ये बसून रडलोसुद्धा, आणि सुमनताई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. पण रडून झाल्यावर राग होता तिथेच होता, उलट वाढला. मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी वाचलंच असतं. शिव्या न खाताही वाचलं असतं. तुम्हाला वाटलं, हा मला मशीनला हात लावू देणार नाही. आणि खरं सांगू? नसता लावू दिला, ऑपरेशन होईपर्यंत. हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. तुम्ही दारात ओरडला असतात, फौज काढली असतीत. मग डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून घरी बसला असतात, मी स्क्रू कापून आणला असता, आणि पट्टी सुटल्यावर तुम्ही त्यात खोट काढली असतीत. एवढं सगळं व्हायचं राहिलं. तुमच्या एका न बोललेल्या वाक्यापायी.

स्क्रू बसला. नट बसला. स्लाइडची आवळलेली पट्टी सैल केली. नमकीनवाल्यांची पिन नव्याने कापली, आकडे बघून, सरळ उभं राहून. भिया आले, पिन यंत्रात घालून बघितली, फिरवली, आणि त्यांचे डोळे परत भरून आले. "बिल्कुल अण्णा वाला काम है, भिया." माझं काम. माझं! तुम्ही गेलात तरी श्रेय घ्यायचं सोडलं नाहीत.

सुमनताईंनी माझ्यासमोरच कॅफेवाल्याला फोन लावला. "नहीं भिया, नहीं देना. मशीन चल रही है." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "रोज येत जा. आवाज येऊ द्या मागून." मग घरात गेल्या. शेजारच्या डॉक्टरांचे पेशंट आता पुन्हा घाबरतील.

मी मशीनपाशी एकटाच राहिलो. हँडलला नुसतं बोट लावलं आणि स्लाइड हलली. उलटं फिरवलं, लगेच मागे आली. मध्ये काही पोकळ नाही. इतकी वर्षं मी हेच म्हणत होतो. मी बरोबर होतो, अरविंदराव. हे वाक्य मी तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. संध्याकाळी दारात बसून, कचोरी खाता खाता, सावकाश म्हणणार होतो. तुम्ही काय बोलाल, मी त्यावर काय बोलेन, सगळं ठरलेलं होतं. मी मशीन वाचवायला तो स्क्रू कापला असं ताईंना वाटतं. वाटू दे. मी तो तुम्हाला हरवायला कापला. हरवलं, आणि मान वर करून बघतो तर समोर कोणीच नाही. तुमच्याशी इतकी वर्षं भांडलो, पण इतका राग मला तुमच्यावर तुम्ही जिवंत असताना कधीच आला नव्हता.